दुधावरची करडी साय

मार्झियाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचलं की रोज न चुकता तिची किल्ली हरवायची. मग खिसे चाचपायचे, पिशवी उपसायची, कठड्याला टेकून स्वतःवर चिडायचं. एवढं होईपर्यंत दम खाऊन व्हायचा आणि किल्ली हातमोज्यातच सापडायची. शेजारणींना हे नाटक पाठ होतं. त्या दार किलकिलं करून "सापडली का हो, आपाय?" एवढंच, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं, विचारत आणि शहाण्यासारखं दार लावून घेत.

किल्ली हरवायची ही सवय तिला काराओयच्या बूट-कारखान्यानं लावली होती. नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, गुडघ्यापर्यंत येणारे बूट. ते नसतील तर इथल्या हिवाळ्यात घरातून गोठ्यापर्यंतही जाता येत नाही. बूट उत्तम, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण बूट होण्याआधी लोकर पिंजावी लागते, आणि लोकर पिंजली की मेंढीनं वर्षभर डोंगरात जे जे अंगाला लावून घेतलं ते सगळं हवेत उडतं. मार्झियानं बारा वर्षं पिंजणखात्यात मशीन चालवलं होतं. पुढे ती टपालानं शिकून कारखान्याची सुरक्षा अधिकारी झाली, पण छातीत गेलेली धूळ काही टपालानं परत पाठवता आली नाही.

सुरक्षा अधिकारी म्हणजे जिला बघून सगळे तेवढ्यापुरते शहाणे होतात ती बाई. ती दारात दिसली की तोंडावरच्या पट्ट्या हनुवटीवरून नाकावर चढायच्या, तिची पाठ फिरली की पुन्हा हनुवटीवर. तरी वीस वर्षांत तिनं मशीनच्या पट्ट्यांवर जाळ्या बसवून घेतल्या होत्या. आगीच्या लाल बादल्यांत वाळू भरून घेतली होती. त्याआधी त्यांत बटाटे असायचे. कापायच्या मशीनला दोन्ही हातांनी दाबायची बटणं लावून घेतली होती, आणि तेव्हापासून त्या खात्यात कुणाचं बोट गेलं नव्हतं. धूळ मात्र तशीच होती. वसंतात मार्झिया निवृत्त होणार होती आणि ही धूळ मागे ठेवून जाणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

तीन वर्षं मॅनेजर दाउलेतबेकच्या मागे लागून तिनं अखेर धूळ ओढणारा एक पंखा मिळवला, तोही फक्त चाचणीपुरता. प्रत्येक पिंजण मशीनच्या डोक्यावर पत्र्याचं एक तोंड, त्या सगळ्या तोंडांना जोडणारा छताजवळचा जाड नळ, आणि भिंतीबाहेर पंखा.

"आपाय, नीट ऐका," दाउलेतबेक म्हणाला होता. "महिनाअखेरीच्या शुक्रवारी शहरातनं मोजणीवाला येतोय. धूळ ठरलेल्या मर्यादेच्या खाली आली तर पंखा आपला. जाड लोकरीच्या खात्यातही दुसरा बसवतो. नाही आली, तर सोमवारी पंखेवाले येऊन उचलून नेतील. आणि मग परत मला या विषयावर गाठायचं नाही. जिन्यात नाही, आंघोळीच्या हमामाबाहेर तर मुळीच नाही."

"हमामाबाहेर एकदाच गाठलं होतं."

"माझ्या डोक्याला टॉवेल होता, आपाय!"

पंखा सुरू झाला आणि तीन आठवड्यांत पिंजणखातं ओळखू येईना. समोरची भिंत दिसायला लागली. त्या भिंतीवर घड्याळ आहे याचाही नव्यानं शोध लागला. मार्झियानं प्रत्येक पत्र्याच्या तोंडाशी तांबड्या लोकरीचा एकेक धागा बांधला होता. हवा ओढली जात असली की धागा आत झुकायचा. रोज सकाळी ती येऊन त्या झुकलेल्या धाग्यांकडे बघायची आणि तिला इतकं बरं वाटायचं की ती चक्क गुणगुणायची.

गुरुवारी दुपारी पिंजणखात्याची मुकादम कुल्याश तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

कुल्याश आणि मार्झिया एकेकाळी शेजारशेजारच्या मशीनवर होत्या. तेव्हा अगं-तुगं होतं, भांडणं होती, एका सफरचंदाचे दोन तुकडे होते. मग सहा वर्षांपूर्वी मार्झियाची अक्मारल कुल्याशच्या येर्नारला दिली आणि सगळं बिघडलं. म्हणजे लेकीचं उत्तम चाललं होतं, बिघडलं ते या दोघींचं. विहिणी झाल्यावर अहो-जाहो आलं, मान आला, आणि मान आला की खरं बोलायची पंचाईत. कुल्याशची पट्टी हनुवटीवर दिसली तरी मार्झियाला ओरडता येईना. विहीणबाईंना कसं ओरडायचं? त्यातून कुल्याश मुलाची आई.

"विहीणबाई," कुल्याश म्हणाली, "एक विचारायचं होतं. उद्या धूळ कमी निघाली, तर आमच्या दुधाचं काय?"

मार्झियाला या प्रश्नाची तीन आठवडे धास्ती होती. पिंजणखात्यातल्या सतरा जणींना दर पाळीला अर्धा लिटर दूध मिळायचं. काम तब्येतीला घातक म्हणून कारखाना ते देत असे, आणि सगळे त्याला धुळीचं दूध म्हणत. एकेक पियाला दूध प्रत्येक बाई खात्यातल्या, चहाचं पाणी उकळायच्या समोवरापाशी ठेवलेल्या पातेल्यात ओतायची आणि उरलेलं नातवंडांसाठी घरी न्यायची. पिंजणखात्याचा दुधाळ चहा साऱ्या कारखान्यात नावाजलेला होता. बूट ठोकणारे पुरुष काही ना काही निमित्त काढून बरोबर साडेदहाला तिकडे फिरकायचे.

खोटं बोलता आलं असतं. पण मार्झियाला वेळेवर खोटं सुचत नसे.

"बंद होईल," ती म्हणाली. "धूळ घातक नाही असं कागदावर आलं की दूध बंद. नियमच आहे."

"म्हणजे हवा घ्या आणि दूध द्या."

"विहीणबाई, दुधानं धूळ जात नाही हो. दूध पोटात जातं, धूळ छातीत. दोघांची वाटेत गाठसुद्धा पडत नाही."

"आमच्या सासूबाई चाळीस वर्षं प्यायल्या. घसा धुऊन निघतो म्हणायच्या."

"आणि गेल्या कशानं?"

सासूबाई खोकून खोकून गेल्या हे दोघींनाही माहीत होतं. मग कुल्याशलाच खोकला आला, कोरडा आणि लांबलचक. "आमच्या ह्यांच्या तंबाखूचा धूर," ती नेहमीप्रमाणे म्हणाली. मार्झियानं नेहमीप्रमाणे मान डोलावली. पाच-सात वर्षांनी हिचीही किल्ली जिन्यात हरवायला लागणार.

कुल्याश दारापर्यंत गेली आणि वळली. "तीस वर्षं झाली मला इथं. तीस वर्षांत कुणी आम्हाला बरं केलंत, दमलात असं म्हटलेलं नाही. ते पांढरं बरणीभर दूध रोज म्हणायचं. तुम्ही शिकल्या-सवरल्या, तुम्हाला नाही कळायचं ते."

मार्झियाला ते चांगलं कळलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

*

शुक्रवारी सकाळी शहरातून मोजणीवाला आला. गेन्नादी लिगाय, पन्नाशीचा, कोरियन घराण्यातला, मितभाषी माणूस. त्याच्याकडे चामड्याची पेटी होती आणि पेटीत एक छोटा पंप. पंपाच्या नळीचं टोक त्यानं ल्युबाच्या कॉलरला लावलं. ल्युबा ही खात्यातली सर्वांत धिप्पाड बाई, ती अचानक नवरीसारखी लाजून उभी राहिली. पंप तिच्या नाकाशेजारची हवा ओढणार, हवा कागदी गाळणीतून जाणार, आणि गाळणीवर किती धूळ बसली ते वजन करून कळणार. एक मोजणी चहाआधी, एक चहानंतर.

मार्झिया खात्यात शिरली आणि दोन पावलं टाकून थांबली.

काहीतरी चुकत होतं. सतराच्या सतरा जणींच्या पट्ट्या नाकावर होत्या. ती येण्याआधीपासून होत्या. वीस वर्षांत हे असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली, हात कामात, गप्पा बंद. कुल्याश टोकाच्या मशीनवर वसंतातली, न झटकलेली, पार मातीनं भरलेली लोकर घालत होती, जी खरं तर अंगणात बडवूनच आत आणायची. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पुसट झालं होतं.

मार्झियानं पत्र्याच्या तोंडाशी बांधलेल्या धाग्याकडे पाहिलं. तांबडा धागा सरळ खाली लोंबत होता. दुसराही. तिसराही.

भिंतीबाहेर पंखा तर चालू होता, पण नाक चोंदलेल्या माणसासारखा आवाज करत होता. मार्झियानं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि उगाच छत झाडल्यासारखं करून त्याच्या दांड्यानं जाड नळावर टकटक केलं. टण, टण, टण, आणि मग वळणापाशी, साफसफाईच्या झाकणाजवळ, थप. आत काहीतरी मऊ आणि जाड बसलं होतं. झाकणाखाली एक स्टूल ठेवलेलं होतं. त्या स्टुलावर मुकादम सोडून कुणी बसत नसे.

तिनं कुल्याशकडे पाहिलं. कुल्याशनं लोकरीकडे पाहिलं.

राग मार्झियाच्या असा डोक्यात गेला की तिला दम लागला. तीन वर्षं! हमामाबाहेर उभी राहिले मी, लोक हसले, आणि हिनं त्यात बूट कोंबला. बूटच असणार, या कारखान्यात दुसरं असतं काय! तिनं तोंड उघडलं. लिगाय चार पावलांवर होता. एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य बोललं की मोजणीत ढवळाढवळ केल्याबद्दल कुल्याशची मुकादमी जाणार, कदाचित नोकरीही. रविवारी अक्मारलच्या घरी ही बाई समोर बसणार, आणि मधे नात. आणि नाही बोललं, तर सोमवारी पंखेवाले येणार.

तिनं तोंड मिटलं. चहा होऊ दे, मग बोलते, असं तिनं स्वतःला सांगितलं. हा भित्रेपणा आहे हे तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग, पाय हलत नव्हते. एवढी बाई दाउलेतबेकला घाबरत नव्हती, आणि घाबरली ती विहिणीला.

साडेदहाला लिगायनं ल्युबाच्या कॉलरची नळी काढली. गाळणी चिमट्यानं उचलून डबीत ठेवताना त्यानं ओठ किंचित दाबले. गाळणी उंदराच्या रंगाची झाली होती.

"पंखा बसवलाय म्हणालात ना?" त्यानं हळूच विचारलं.

"बसवलाय," मार्झिया म्हणाली. पुढचं वाक्य जिभेवर आलं आणि तेवढ्यात कुल्याश मोठ्यानं म्हणाली, "पाहुणे, चहा घेतल्याशिवाय आमच्या खात्यातनं कुणी जात नाही. या, या, वरच्या बाजूला बसा."

पाहुणा मोजणीवाला असो की जप्तीवाला, त्याला वरच्या बाजूला बसवायचं आणि पहिला पियाला त्याला द्यायचा. त्यात कुल्याशची बरोबरी करणारं कुणी काराओयमध्ये नव्हतं. टेबलावर बाउर्साकची परात होती; कालच तळलेले, फुगलेले, मऊ गोळे. काळ्या मनुकांचा मुरंबा होता. समोवर शीळ घालत होता आणि शेजारी दुधाचं पातेलं होतं. सगळ्याजणी येऊन बसल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मार्झिया लिगायच्या समोर बसली आणि एक बाउर्साक हातात घेऊन तो खायचा विसरून गेली.

कुल्याशनं पियाल्यात कडक, कोऱ्या चहाचे चार थेंब घातले, वर पाणी सोडलं. मग डाव्या हातानं लाकडी चमचा उचलला, पातेल्यातल्या दुधावरून अलगद फिरवला, चमच्यात आलेलं पायाशी ठेवलेल्या डब्यात झटकलं, पुन्हा चमचा दुधावरून फिरवला, आणि थबकली.

पिंजणखात्यात दूध आलं की तासाभरात त्याच्यावर लोकरीच्या बारीक तुसांचा, धुळीचा एक थर धरायचा. त्या त्याला करडी साय म्हणत. हसून म्हणत. गेली तीस वर्षं कुल्याश चहा ओतण्याआधी चमच्यानं ती साय काढून टाकायची, जशी घरी पांढरी साय काढतात तशी. तो चमचा खास त्यासाठीच होता. आणि गेले तीन आठवडे तो कोरडा पडून होता. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आज हात आपोआप तिकडे गेला होता.

चमचा हवेत होता. त्यात दुधात भिजलेलं करडं, तुसट काहीतरी लोंबत होतं. समोर पाहुण्याचा पियाला. लिगाय सभ्य माणूस, तो मुरंब्याच्या बरणीकडे बघायला लागला.

"हे मी कधी काढत होते का इतक्यात?" कुल्याशनं कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं.

"नव्हतीस," ल्युबा म्हणाली. "पंखा आल्यापासून नाही."

कुल्याश चमच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मार्झियाला नीट दिसत होता. आधी त्यावर संकोच होता, पाहुण्यापुढे घरातली केराची सुपली उघडी पडावी तसा. मग तो हळूहळू उतरला आणि तिथं दुसरंच काही आलं.

"म्हणजे हे आम्ही रोज..." ती म्हणाली. "दुधावरचं मी काढते. पण नाकातलं कोण काढतं?"

ल्युबानं आपली पट्टी, जी चहासाठी हनुवटीवर आली होती, उगाच एकदा चाचपली.

मार्झियाला खूप काही बोलता आलं असतं. मी सांगत नव्हते का, असं म्हणायची पुरेपूर संधी होती, आणि अशा संध्या सुरक्षा अधिकाऱ्याला वीस वर्षांत एखाद्याच वेळी मिळतात. तिनं ती सोडली. ती फक्त म्हणाली, "कुल्याश, मला तिसऱ्या मजल्यावर एका दमात जाता येत नाही. किल्ली हरवते म्हणून सांगते मी सगळ्यांना. हरवत नाही ती."

"माहितेय मला," कुल्याश म्हणाली. "अख्ख्या गल्लीला माहितेय, मूर्खे."

सहा वर्षांत पहिल्यांदा ती विहीणबाईंना मूर्ख म्हणाली होती. मार्झियाचे डोळे भरून आले ते खरं तर त्या शब्दानं.

कुल्याश उठली. चमचा डब्यात टाकून तडक वळणाखालच्या स्टुलावर चढली. झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि ओढलं. आत पंख्याचा जोर होता, बूट सुटेना. ल्युबानं जाऊन तिला कमरेला धरून ओढलं आणि दोघी बुटासकट मागच्या लोकरीच्या ढिगात बसल्या. नळातून एक मोठा घोट गिळल्यासारखा आवाज आला. पत्र्याच्या तोंडाशी सगळे तांबडे धागे एकदम आत झुकले.

बूट काळाकुट्ट झाला होता. कुल्याशनं तो आणून टेबलावर, लिगायच्या पुढ्यात, बाउर्साकच्या परातीशेजारी ठेवला.

"मी घातला होता," ती म्हणाली. "ह्या पोरींचा संबंध नाही. मुकादमी काढायची असेल तर काढा. पण सकाळचा तो कागद फेकून द्या आणि परत मोजा."

लिगायनं चष्मा पुसला. त्याला घाई कधीच नसावी. "वीटभट्टीवर," तो म्हणाला, "माझ्या नळीसमोर राखेचं फडकं झटकलं होतं. गिरणीत एकानं नळी सरळ पिठाच्या पोत्यात घातली. एका ठिकाणी तर मोजणी थांबवायला एकीनं आजारी म्हातारीचं सोंग घेतलं. बावीस वर्षं बघतोय. पण स्वतः काढून आणून टेबलावर ठेवणारी तुम्हीच पहिल्या." त्यानं वही काढली. "सकाळची मोजणी रद्द. कारण लिहावं लागेल. नळात वस्तू अडकली. वस्तूचं नाव काय लिहू?"

"नमद्याचा बूट," मार्झिया म्हणाली.

"नंबर?"

"पंचेचाळीस," कुल्याश म्हणाली. "डावा."

"अडकली, असंच लिहितो," लिगाय म्हणाला. "कुणी अडकवली ते माझ्या रकान्यात नाही. आणि आता बाई, तो पहिला पियाला ठेवलात तो गार झाला."

तेव्हा कुठे ल्युबा हसली, आणि तिच्या हसण्यानं लोकरीचा ढीग हलला म्हणतात. मग सगळ्याच हसल्या, कुल्याश सगळ्यांत शेवटी, खोकत खोकत. त्या दिवशी चहा पाऊण तास चालला. सुरक्षा अधिकाऱ्यानं कुणालाही घड्याळाकडे बघायला सांगितलं नाही, घड्याळ आता स्वच्छ दिसत असूनही.

दुपारची मोजणी मर्यादेच्या बरीच खाली आली. दाउलेतबेकनं रिपोर्ट वाचला, 'बूट, पंचेचाळीस, डावा' यावर जरा थांबला, मार्झियाकडे बघितलं, आणि काही न विचारता सही केली. त्यालाही कधीतरी चहाला पिंजणखात्यात जायचं होतंच.

*

पंखा राहिला. जाड लोकरीच्या खात्यासाठी दुसरा आला. आणि पहिल्या तारखेपासून धुळीचं दूध बंद झालं.

सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या असं मुळीच झालं नाही. आठवडाभर सोसाट्याचे वारे होते. कोरा चहा पिताना बायका अशी तोंडं करत की जणू मार्झियानं त्यांना एरंडेल पाजलंय. बूट ठोकणाऱ्या पुरुषांनी साडेदहाला यायचं सोडलं, त्याचंही खापर तिच्याच माथी फुटलं. कुल्याश कामापुरतं बोले. पट्टी मात्र नाकावर असायची, आणि मार्झियाची पाठ फिरली तरी असायची; हे मार्झियानं दोनदा अचानक मागे वळून तपासलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी, भर दुपारी, खालच्या अंगणातून हाका आल्या. मार्झियानं खिडकीतून पाहिलं. मुलांच्या झोपाळ्यापाशी, गुडघाभर बर्फात कुल्याश उभी होती. हातात दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पट्टेरी गाय.

"विहीणबाई, खाली या! हिला जिना चढता येत नाही!"

"मला तरी कुठे येतो!" मार्झिया ओरडली. कोट अंगावर ओढून ती उतरली. हा तोच कोट. लग्नाच्या वेळी मुलाकडून मुलीच्या आईला एक मान देतात, तिनं लेकीला पाजलेल्या दुधाचा मान. कुल्याशनं तेव्हा हा कोट दिला होता. एक बाही बोटभर लांब होती आणि सहा वर्षं मार्झिया त्यावरून टोमणे मारत होती.

"ही तारगिल," कुल्याश गायीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली. "गेल्या आठवड्यात व्यायली. ही तुझी."

"माझी म्हणजे?"

"कोट खांद्यांसाठी होता. दुधाचा मान दुधानंच द्यायला हवा होता, तेव्हा जमलं नाही. आता दिला."

"अगं, मी तिसऱ्या मजल्यावर राहते! हिला काय गॅलरीत बांधू?"

"तुला कोण पाळायला सांगतंय? तुला साधा कॅक्टस जगवता येत नाही. राहील माझ्याच गोठ्यात, चारा माझा, धार मी काढेन. फक्त गाय तुझी. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून आलेय." कुल्याशनं दोर या हातातून त्या हातात घेतला. तिला पुढचं बोलायला जड जात होतं आणि म्हणून ती गायीशीच बोलल्यासारखं बोलली. "तुलाही वीस वर्षांत कुणी म्हटलं नसेल ना. बरं केलंस म्हणून. त्या वाळूच्या बादल्या, ती बटणं. माझा येर्नार कापायच्या मशीनवर असतो, त्याच्या हातांना दहा बोटं आहेत, ती त्या बटणांमुळे. आमच्या लक्षात असतं गं सगळं. बोलायचं राहून जातं."

मार्झियानं गायीच्या कपाळावर हात ठेवला. गायीनं तिची लांब बाही चघळायला घेतली.

"घे," कुल्याश म्हणाली. "बाहीचंही काम झालं."

सोमवारी साडेदहाला पिंजणखात्यात समोवराशेजारी दुधाचं पातेलं होतं. बातमी कशी पोचते देव जाणे, पण बूट ठोकणारे दोघे काहीतरी मोजमाप विचारायला बरोबर त्याच वेळी येऊन टपकले.

"तुमचं दूध बंद झालं होतं ना?" त्यातला एक पातेल्यात डोकावून म्हणाला.

"धुळीचं झालं बंद," कुल्याश म्हणाली. "हे मार्झियाचं आहे."

मार्झियानं सवयीनं दुधाकडे पाहिलं. ते काठापासून काठापर्यंत पांढरं होतं. लाकडी चमचा मुरंब्याच्या बरणीत उभा होता. पाहुणे समोर असूनही पहिला पियाला कुल्याशनं त्यांना दिला नाही. तो तिनं मार्झियाच्या पुढे केला, आणि मुद्दाम अर्धाच भरला, म्हणजे मानाच्या माणसानं पुन्हा पुन्हा मागून घ्यावा. मार्झियानं त्या दिवशी पाच वेळा मागितला.